भिंत बंद करण्याआधी

६ एप्रिल

ही डायरी एका सिमेंट कंपनीने नवीन वर्षाची भेट म्हणून साइटवर वाटली होती. जानेवारीपासून गाडीच्या डिकीत हेल्मेटखाली पडून होती. आज बाहेर काढली, कारण विम्यातून मिळालेल्या मनाच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की रोज निदान चार ओळी लिहा. मी म्हटलं, साइटची डायरी मी वर्षानुवर्षं लिहितोय, माझ्याइतक्या डायऱ्या कोणी लिहिल्या नसतील. ते म्हणाले, ती नव्हे. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

बरं. मला काही वाटत नाही. मुग्धा डिसेंबरात गेली. न्यूमोनिया म्हणून दाखल केलं आणि नाताळच्या आत सगळं आटोपलं. बायको गेलेल्या माणसाला जे वाटायला हवं ते मला वाटत नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचली की ओठ हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. जेवतो, झोपतो, इथे आखातात मुसाफ्फाच्या साइटवर जाऊन लोकांच्या चुका काढतो. तोच माझा धंदा आहे, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरचा. भिंतीत तारा कशा घातल्यात ते बघायचं आणि शेरा मारायचा. मुग्धा म्हणायची, यासाठी तुला पगार देतात हेच नवल, घरी तर फुकट करतोस.

चार ओळींपेक्षा जास्त झालं. पुरे.

८ एप्रिल

शोभनाताईंचा पुण्याहून फोन आला. मुग्धाची थोरली बहीण. दोघींचे आवाज सारखे आहेत, त्यामुळे पहिल्या 'हॅलो'ला मी गप्पच राहतो. त्या सरळ मुद्द्यावर आल्या. आमच्या अस्मीची दहावी झाली, आता अकरावीसाठी तिला पुण्यात त्यांच्याकडे ठेवू या.

"सदानंद, पोर वयात आलीय. दिवसभर एकटी असते आणि रात्री हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. हे बरं दिसतं का?"

बरं दिसत नाही हे मलाही कळतं. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतो. एक बेडरूम, एक हॉल. इथल्या पुष्कळ भारतीय घरांत असतं तसंच, तिघं एकाच बेडरूममध्ये झोपायचो, अस्मीचा छोटा पलंग खिडकीखाली. मुग्धा गेल्यावर अस्मी उशी उचलून हॉलमध्ये गेली. "आय कान्ट स्लीप इन देअर, बाबा," एवढंच म्हणाली. मी मोठ्या पलंगावर माझ्या अर्ध्या भागात झोपतो.

ताईंशी असं ठरलं की मे महिन्यात निकाल लागेल, जूनमध्ये तिकडचे प्रवेश सुरू होतील, तोवर इथली अकरावी चालू ठेवायची आणि काय ते अस्मीने ठरवायचं.

अस्मीने जाऊ नये. एवढं एकच मला नक्की माहीत आहे. पण ते तिला कसं सांगायचं ते सुचत नाही. ज्या बापाला स्वतःला काही वाटेनासं झालंय, त्याने कुठल्या तोंडाने मुलीला म्हणायचं की माझ्यापाशी राहा?

१३ एप्रिल

उपाय सापडला. आमचा हॉल लांबट आहे. मध्ये जिप्समची भिंत घातली की खिडकीकडचा भाग अस्मीची खोली होईल. तिचं दार, तिचा दिवा, तिचे सॉकेट. मग सोफ्याचा प्रश्न मिटला आणि ताईंचाही.

अस्मीला सांगितलं. "ओके," म्हणाली. मी विचारलं, आवडेल ना? "इट्स फाइन, बाबा." तिच्या इट्स फाइनचे पुष्कळ अर्थ होतात. मुग्धाला ते वेगवेगळे ओळखू यायचे. मी आपलं 'हो' असं धरलं.

२२ एप्रिल

मालकाची परवानगी आली आणि त्यांच्यातर्फे पालिकेचीही. अट एकच, घर सोडताना भिंत काढून हॉल होता तसा करून द्यायचा. काम प्रकाशला दिलं. तो राजस्थानचा, व्हिलांच्या पार्टिशनची कामं करतो, बोलायला अति गोड. "सर के घर का काम है, एकदम फर्स्ट क्लास बनाऊंगा," म्हणाला. फर्स्ट क्लास म्हणणाऱ्यांची कामं मी जास्त नापास केलीत.

२६ एप्रिल

म्हटलं नव्हतं?

मी बाजारातून येईपर्यंत प्रकाशने लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला होता आणि तारासुद्धा घालून टाकल्या होत्या. पाइप नाही, काही नाही. एकेरी सुट्ट्या तारा, छतापासून सॉकेटपर्यंत तिरक्या ताणलेल्या, पत्र्याच्या धारेवर घासत. त्यातली एक अपुरी पडली म्हणून मध्येच जोडून वर टेप गुंडाळलेली. मी विचारलं, ये क्या है? तो म्हणाला, "सर, जिप्सम लगने के बाद अंदर कौन देखता है?"

हे वाक्य मी इथे आल्यापासून हिंदीत, मल्याळममध्ये, उर्दूत आणि अरबीत ऐकलंय. भिंत बंद झाली की आत कोणी बघत नाही, म्हणूनच बंद करण्याआधी बघायचं असतं. जाड कवचाची केबल असती तर गोष्ट वेगळी. एकेरी तारेला एकच पातळ आवरण. पत्र्याची धार ते वर्षानुवर्षं थोडं थोडं कापते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून सुट्टी तार भिंतीत सोडायचीच नाही, पाइपातून न्यायची. जाणारी, परतणारी आणि अर्थिंगची, तिन्ही बरोबर, एकाच पाइपातून. सांधा करायचा तर उघडता येईल अशा बॉक्समध्ये, भिंतीच्या पोटात नाही.

सगळं काढायला लावलं. प्रकाशने कपाळाला हात लावला. "घर का काम है सर, कोई इन्स्पेक्शन थोड़ी है." मी म्हटलं, घराचं आहे म्हणूनच. तो पुटपुटत पाइप आणायला गेला.

बऱ्याच दिवसांनी मला राग आला असं वाटलं. नंतर नीट बघितलं तर राग नव्हता, सवय होती.

२७ एप्रिल

आज रविवार. प्रकाश पाइप बसवत होता आणि मी त्याच्या मानगुटीवर उभा. अस्मी स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, तिरका पाइप का नाही चालत? जवळ पडेल की.

मी तिला समजावलं. सॉकेट दिसला की त्याची तार सरळ वर गेली असणार किंवा सरळ आडवी, हे परक्या माणसालाही कळलं पाहिजे. उद्या कोणी खिळा ठोकायला आला तर त्याला आतलं दिसत नाही, बाहेरचं दिसतं. तार तिरकी नेली की तो फसतो.

"सो यू शुड नो व्हॉट्स इनसाइड, जस्ट बाय लुकिंग?"

"हो. नियमच आहे तो."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुड रूल." आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेली.

मुलीला या विषयात रस आहे असं दिसतं. सायन्स घेतलं ते योग्यच केलं.

३ मे

तारा ओढून झाल्या. विजेची गळती तपासली, पास. आता जिप्समच्या पाट्या लावण्याआधीचे फोटो. आमच्या साइटचा शिरस्ता आहे, भिंत बंद करण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचा, म्हणजे पुढे कधी भिंत फोडायची वेळ आली तर आत काय कुठे आहे ते कळतं. मोजपट्टी अस्मीने धरली. तिच्या नखांना निळा रंग लावलेला आहे. सगळ्या फोटोंत मोजपट्टी, पाइप आणि निळं नख. हे फोटो ऑफिसात दाखवता येणार नाहीत.

एक पाइप रिकामा सोडलाय, आत नुसती नायलॉनची दोरी. अस्मीने विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, आज कशालाच नाही. नंतर काहीतरी न्यायचं निघतं, तेव्हा भिंत फोडावी लागत नाही. "बट व्हॉट?" माहीत असतं तर आताच नसतं का घातलं, मी म्हटलं. ती हसली. मुग्धा हसायची तशी, एका गालाने. मी मोजपट्टीचा आकडा वाचून दाखवला.

प्रकाश निघताना एसीचं विचारत होता. हॉलच्या एसीची जाळी बरोबर भिंतीच्या रेषेत येते, त्यामुळे तिचा बहुतेक भाग अस्मीच्या बाजूला जातो, आमच्याकडे टीचभर उरते. थर्मोस्टॅट आमच्या बाजूच्या भिंतीवर. चलेगा ना सर? मी म्हटलं, एसी माझं खातं नाही, आणि तिला गार हवा जास्त मिळाली तर चांगलंच आहे.

४ मे

भिंत बंद झाली. दारही बसलं. दाराच्या कडांना रबराची पट्टी लावली, खालच्या फटीलासुद्धा, म्हणजे माझ्या टीव्हीचा आवाज तिला अभ्यासात नको. संध्याकाळी अस्मीने सामान नेलं. पुस्तकं, टेबल, छोटा पलंग, आणि न विचारता मुग्धाचा तपकिरी स्वेटर.

मी एक नियम केलाय आणि तो तिला सांगितलासुद्धा. खोली तिची, मी आत यायचं नाही. काही हवं असेल तर दारावर टकटक करायची आणि बाहेरून बोलायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एवढं मिळालंच पाहिजे. मुग्धा असती तर गोष्ट वेगळी होती, ती केव्हाही आत गेली असती.

"ओके," अस्मी म्हणाली आणि दार लावून घेतलं. रबर चांगलं बसलंय. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

१४ मे

निकाल लागला. ब्याण्णव टक्के. अस्मीने दारातूनच सांगितलं. मी खूश व्हायला हवं होतं. मी उठलो आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं. का केलं माहीत नाही, साइटवर काम पास झालं की कंत्राटदाराशी करतो तसं झालं. तिचा हात गार होता.

ताईंनी फोनवर तिकडच्या कॉलेजांची नावं वाचून दाखवली. त्यांनी फॉर्मची सगळी तयारी करून ठेवलीय.

२३ मे

उकाडा सुरू झालाय. हॉलमध्ये संध्याकाळी बसवत नाही. एसीचा आवाज येत राहतो पण गारवा नाही. जुना झालाय बहुतेक. मालकाला सांगितलं तर तो 'इन्शाल्ला' म्हणेल आणि ऑगस्ट उजाडेल. थर्मोस्टॅट चोवीसवरून बावीसवर आणला.

काय वाटतं: उकडतं.

३० मे

अस्मी शाळेतून आली की मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसते. आज मी लवकर घरी आलो तर भर उन्हात तिथे होती, मुग्धाचा स्वेटर अंगात, गुडघ्यांना मिठी मारून. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. या हवेत तर मांजरंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत. मी म्हटलं, आत बस ना. "इन अ व्हाइल. इट्स फाइन."

तिला घरात बसवत नाही हे उघड आहे. एवढी नियमात बसणारी खोली करून दिली तरी बसवत नाही. आईचा स्वेटर घालून उन्हात बसायचं, याला मी काय करणार? असलं दुःख मला समजतं असंही नाही. मला स्वतःला आलं असतं तर समजलं असतं.

तिच्या खिडकीची काच बाहेरून घामेजलेली असते, पाण्याचे ओघळ येतात. हवेत दमटपणा फार आहे यंदा. मी थर्मोस्टॅट वीसवर आणला.

३ जून

ताईंचा फोन. या वेळी आवाज कापत होता.

"सदानंद, पोर रोज रडते हो माझ्याशी बोलताना. नाक ओढत असते. विचारलं तर म्हणते, काही नाही मावशी. तुम्हाला एका घरात राहून दिसत नाही का?"

मला दिसतं. नाक लाल असतं, डोळे चुरचुरल्यासारखे. मी तिला रडताना बघितलेलं नाही, पण दार बंद असतं आणि रबर चांगलं बसलंय. मी ताईंना म्हटलं, तिच्याशी बोलतो.

बोललो. म्हणजे दारावर टकटक केली. तिने दार थोडं उघडलं आणि स्वतः बाहेर येऊन उभी राहिली, पाठीमागे दार ओढून घेतलं. मी विचारलं, पुण्याला जायचंय का? मावशी बोलावतेय.

ती माझ्याकडे बघत होती. पायात मोजे होते. "इफ यू वॉन्ट," म्हणाली.

मी म्हटलं, माझं सोड, तुझं सांग. तर म्हणाली, "आय सेड, इफ यू वॉन्ट." आणि आत गेली.

म्हणजे जायचंय. नको असतं तर नको म्हणाली असती. तिच्या आईला नको असलं की नकोच म्हणायची.

७ जून

तिकीट काढलं. बावीस तारखेचं, एकीचंच. मी सोडायला येतो म्हटलं तर ताई म्हणाल्या कशाला, मी विमानतळावर येते. परवाच शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. बाईंनी विचारलं, फादर इज शुअर? मी येस म्हटलं.

अस्मीला तिकीट फोनवर पाठवलं. तिने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. आमच्यामध्ये एक भिंत आहे आणि तिकीट फोनवरून जातं.

काय वाटतं: काही नाही. डॉक्टरांना तेच तेच काय सांगायचं? मी विचार करून बघितला की बावीसच्या संध्याकाळी घर कसं असेल. एक बेडरूम, अर्धा हॉल आणि एक रिकामी खोली, पाइप, तारा, अर्थिंग, सगळं पास. विचार केला आणि तरी काही वाटलं नाही, याची मात्र मला भीती वाटली.

उकाडा सहन होत नाही. अठरा.

१४ जून

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

शनिवार, सुट्टी. दुपारी अस्मीने दारातून विचारलं, मोठी बॅग कपाटावर आहे, काढून देशील का? तिचा हात पोचत नव्हता. मी म्हटलं, आत येऊ? ती म्हणाली, "ऑफ कोर्स." भिंत बंद झाल्यापासून मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

आत शवागारासारखी थंडी होती. हा शब्द मला आवडत नाही, डिसेंबरात एकदा तिथे जावं लागलं होतं, पण दुसरा सुचत नाही. पलंगावर दोन रजया. टेबलावर वही, तिच्यावर हातमोजे, बोटं कापलेले, म्हणजे पेन धरता यावं. नाक पुसायच्या कागदांचं खोकं. जाळीतून गार हवेचा झोत सरळ पलंगावर पडत होता आणि खिडकीची काच बाहेरून वाहत होती.

मी बॅग विसरलो. विचारलं, हे इतकं गार कसं?

"इट्स ऑलवेज लाइक धिस."

"सांगितलं का नाहीस मला?"

"तू सगळं चेक केलं होतंस ना, बाबा. एवढे फोटो काढले. मला वाटलं हे असंच असतं."

मी बाहेर आलो आणि थर्मोस्टॅटसमोर उभा राहिलो. अठरा. हवा सगळी तिच्या खोलीत आणि तापमान मोजणार माझ्या बाजूला, जिथे हवा पोचतच नाही. मला उकडायचं, मी आकडा खाली आणायचो, आणि भिंतीपलीकडे मुलगी गारठायची. जितका मी आकडा खाली आणत होतो तितकी तिची एक रजई वाढत होती. प्रकाशने विचारलं होतं, चलेगा ना सर? आणि मी खातं सांगितलं. ही चूक कुठल्याही एसीवाल्याने भिंतीआधी दाखवली असती. तारांमध्ये नाक खुपसून बसलेल्या माणसालाच ती जमते.

एसी बंद केला आणि परत आत गेलो. या वेळी विचारायचं राहिलं. तिच्या पलंगावर बसलो. गादीसुद्धा गार. म्हणजे उन्हात बसायचीस ते थंडी घालवायला? हो. आणि स्वेटर? "घरात तोच एक होता." इथे कोणाकडे दुसरा असतो? मुग्धाने एकदा डिसेंबरात पुण्याला जाताना घेतला होता.

"आणि मावशीशी बोलताना रडायचीस ते?"

"सर्दी होती." मग म्हणाली, "कधी कधी रडत पण होते."

मी टेबलावरचे हातमोजे उचलून उलटसुलट केले. तीच बोलली, पायाकडे बघत.

"तू भिंत बांधलीस, बाबा. मग कधी आत आलाच नाहीस. आय थॉट दॅट वॉज द पॉइंट."

मला थंडी वाजायला लागली. हातावर काटा आला, दात वाजले. एसी बंद होता तरी. डिसेंबरानंतर मला काहीतरी लागलं ते हे. तिने एक रजई माझ्या अंगावर टाकली.

१५ जून

थर्मोस्टॅट तिच्या बाजूला न्यायचा ठरवलं. त्याची बारीक तार विजेच्या तारांच्या पाइपात घालता येत नाही, नियम आहे. पण रिकामा पाइप होता, आत नायलॉनची दोरी. त्याचं एक तोंड माझ्या बाजूला, दुसरं तिच्या टेबलाच्या वर. दोन्ही बॉक्सची झाकणं काढली. मी दोरीच्या टोकाला तार बांधून टेप गुंडाळला आणि तिला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा हळूहळू ओढ, हिसका देऊ नकोस.

"यल्ला, रेडी," पलीकडून आवाज आला. पाइपातून येतो तो आवाज, बारीक, लांबून आल्यासारखा. ती दिसत नव्हती. समोर भिंत, भिंतीत तळहाताएवढा बॉक्स.

तार निम्मी गेली आणि वळणावर अडकली. मी म्हटलं, थांब. ती थांबली. मी बॉक्ससमोर गुडघे टेकून बसलो होतो. तोंडासमोर माणूस नव्हता म्हणून असेल, किंवा कालची थंडी अजून अंगात होती म्हणून असेल, मी बॉक्समध्ये तोंड घालून म्हटलं, "अस्मी, बावीस तारखेला जाऊ नकोस."

मी पुढे म्हटलं, "इथेच राहा. मला तू इथे हवी आहेस. मला नीट रडतासुद्धा येत नाहीये, पण तू हवी आहेस."

मग पाइपातून आवाज आला, "बाबा, तिथून नको. इकडे येऊन सांग."

मी तार खाली ठेवली, उठलो, सवयीने दारावर टकटक केली आणि आत गेलो. ती टेबलावर चढून बसली होती, हातात दोरी. मी तेच पुन्हा सांगितलं, तिच्या तोंडाकडे बघून. शब्द तसेच आले नाहीत, मध्येच मुग्धाचं नाव आलं. तिचं नाव या घरात डिसेंबरानंतर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. अस्मी रडली. सर्दी आता बरीच कमी होती, त्यामुळे रडणं ओळखायला मलासुद्धा अडचण आली नाही. मग मलाही रडू आलं. कसंतरीच, उचकी लागल्यासारखं, थांबवता येईना. लाज वाटली नाही. दुखलं मात्र खूप. सुईचा अंमल उतरताना दुखतंच.

"आय नेव्हर वॉन्टेड टु गो," ती म्हणाली. "तू विचारलंस, मला जायचंय का. तू कधी राहा म्हणालाच नाहीस."

तार अर्ध्यात अडकलीच होती. ती नंतर ओढली. वळणावर जरा तेल घालावं लागलं.

१९ जून

अस्मीने स्वतः मावशीला फोन केला. ताई आधी रागावल्या, मग म्हणाल्या की दिवाळीत मीच येते आणि ती भिंत बघते. शाळेतला अर्ज मागे घेतला. बाई पुन्हा म्हणाल्या, फादर इज शुअर? तिकीट रद्द झालं, खलास.

थर्मोस्टॅट आता अस्मीच्या टेबलाच्या वर, भिंतीवर आहे. किती गार ठेवायचं ते ती ठरवते. पंचवीस ठेवते. तिची खोली छान होते आणि माझ्या बाजूला, त्या टीचभर जाळीतून, जेमतेम वाऱ्याची झुळूक येते. जाळी हलवायला एसीचा माणूस येणार आहे, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. स्वेटर तिने घडी करून मुग्धाच्या कप्प्यात ठेवला. मी कप्पा उघडून बघितला, हात लावून बघितला, आणि पुन्हा तसंच रडू आलं. आता हे असं केव्हाही होतं, काल तर साइटवर शिडीवर असताना झालं. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये ही डायरी घेऊन बसलो होतो, बनियनवर, पेपराने वारा घेत. अस्मीने दार उघडलं.

"बाबा, तिकडे काय घामाघूम होतोयस? आत ये ना."

हे तिच्या पलंगावर बसून लिहितोय. ती टेबलाशी फिजिक्स करतेय. दार उघडंच आहे, त्यामुळे सगळी गार हवा हॉलमध्ये चाललीय, आणि मला ते दिसत असूनही मी उठलेलो नाही.